थेट गाडी फुल आहे

स्वस्त तिकीट शोधण्यात माझा कुणी हात धरू शकत नाही, असं मी पूर्वी उघडपणे म्हणायचे. आता म्हणत नाही. कुणी विचारलंच, तर हल्ली वेळ मिळत नाही असं सांगून विषय बदलते. वेळ भरपूर मिळतो. लाज वाटते, हे खरं कारण आहे. ती नेमकी कशाची वाटते, ते एकदा आडपडदा न ठेवता लिहून काढावं म्हणून बसले आहे.

मी जपानमधल्या सेंदाईच्या एका विद्यापीठात संशोधन करते. विषय धातूंवरचा गंज. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचं ऑफिस टोकियोत, म्हणून तो जवळच्या ग्योतोकुला राहतो. लग्नानंतरची सहा वर्षं आम्ही अशी दोन गावांत काढली. एक आड एक शुक्रवारी मी तिकडे जायची आणि रविवारी परत यायची. दर वेळी बुलेट ट्रेनचं पूर्ण भाडं भरून हा संसार केला असता, तर एकाचा पगार रुळांवरच सांडला असता. त्यामुळे शिकावंच लागलं. किती दिवस आधी बुक केलं तर सूट मिळते, कुठली बस निम्म्या पैशांत नेते, कुठल्या सुट्टीच्या आदल्या दिवशी चुकूनही निघायचं नाही, हे सगळं मला पाठ झालं.

गरजेपोटी शिकलेल्या गोष्टीची पुढे चटक लागली. ओळखीचं कुणी कॉन्फरन्ससाठी किंवा फिरायला युरोपात निघालं, की मी आपणहून त्याचं तिकीट शोधायला बसायची. युरोपातल्या दोन राजधान्यांमधला प्रवास हा तर माझा आवडता खेळ. एकाच अंतराला दहा भाव, सकाळी एक आणि जेवण होईपर्यंत दुसरा. विमान स्वस्त दिसतं, पण ते भलत्याच विमानतळावर उतरवतं आणि तिथून गावात यायला तिकिटाहून जास्त पैसे पडतात. आगगाडी महाग दिसते, पण मधल्या एखाद्या स्टेशनापाशी तिकीट तोडलं, म्हणजे तिथवर एक आणि तिथून पुढे दुसरं असं घेतलं, की भाव धाडकन खाली येतो. हे असं तोडणं मला फार छान जमायचं. मी स्वतः युरोपात आयुष्यात एकदाच गेले होते, तेही चार दिवसांसाठी. पण बोलायची अशी, की जणू माहेरच तिकडचं.

सेंदाईतल्या मराठी मंडळींचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर मी भावाचे फोटो टाकायची आणि मंडळी हात जोडल्याची चित्रं पाठवायची. ‘ताई, तुम्ही ग्रेट आहात.’ ‘वहिनी, तुमची फी काय?’ असलं काहीतरी. मी वरवर ‘छे हो, त्यात काय’ म्हणायची आणि ते सगळे निरोप पुन्हा पुन्हा वाचायची. हेही सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सेन्सेई, तेव्हा निवृत्तीला आले होते. बुटके, काटक, सायकलवरून येणारे. कमी बोलायचे. विद्यार्थ्यानं कितीही चुकीचं उत्तर दिलं, तरी आधी मान हलवायचे आणि मग शांतपणे ‘का बरं?’ असं विचारायचे. त्या प्रश्नाला आम्ही सगळे घाबरायचो, कारण तो खरोखरचा प्रश्न असायचा. त्यांना कारण हवं असायचं. कुणाला कोपऱ्यात गाठण्याची त्यांना हौस नव्हती.

त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला व्हिएन्नाला एक कॉन्फरन्स होती आणि तिथलं त्यांचं भाषण हे त्यांचं परदेशातलं शेवटचं. ते झाल्यावर त्यांना बर्लिनला जायचं होतं, स्वतःच्या खर्चानं, एका दिवसासाठी. जुलैतल्या एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि उभ्या उभ्या त्यांनी मला सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

बर्लिनमध्ये त्यांचा एक मित्र होता. दोघं पंचविशीत असताना हा मित्र जर्मनीहून सेंदाईला शिकायला आला होता आणि दोघांनी तीन वर्षं एकाच बाकावर काम केलं होतं. त्याला जपानी सेन्सेईंनी शिकवलं, यांना जर्मन गाणी त्यानं शिकवली. त्यानंतर चाळीस वर्षं दोघंही दर नववर्षाला एकमेकांना पत्र पाठवत होते. गेली दोन वर्षं मात्र मित्राच्या जागी त्याची बायको पत्र लिहीत होती. मित्राची स्मृती जात चालली होती. तिनं लिहिलं होतं, ‘यायचं असेल तर सकाळी या. सकाळी तो बराच पूर्वीसारखा असतो, जपानीसुद्धा बोलतो. अकरानंतर थकतो. मग मलाही ओळखत नाही.’

‘गुरुवारी चार वाजता कॉन्फरन्स संपते,’ सेन्सेई म्हणाले. ‘शुक्रवारी सकाळी नऊला मला त्याच्या घरी पोचायचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी बर्लिनहून विमान. पुढे इथे मास्टर्सची प्रवेश परीक्षा आहे, त्यामुळे एक दिवसही वाढवता येणार नाही. तुम्ही या गोष्टींतल्या जाणकार आहात असं ऐकलं. जमेल का बघायला?’

जाणकार म्हणाले. मी तिथेच फुलून गेले.

त्याच संध्याकाळी शोधायला बसले. व्हिएन्नाहून साडेचारला निघून रात्री बाराच्या आत बर्लिनला पोचवणारी थेट गाडी होती. भाडं पाहून मी नाक मुरडलं. मग माझं नेहमीचं काम सुरू केलं. मध्ये न्युरेम्बर्ग नावाचं मोठं स्टेशन लागतं. तिथे तिकीट तोडून पाहिलं. व्हिएन्ना ते न्युरेम्बर्ग एक गाडी, तिथून बर्लिनची त्या दिवसाची शेवटची गाडी. दोन्ही मिळून अडतीस युरो. थेट गाडीच्या निम्म्याहूनही कमी. ‘या भावात दोनच जागा शिल्लक’ असं लाल अक्षरांत लिहून आलं. सेन्सेईंना विचारायला थांबले तर जागा जातील, म्हणून माझ्या कार्डावर घेऊनही टाकलं. तिकीट परत न होणारं, न बदलणारं. फोटो काढून ग्रुपवर टाकला. ‘व्हिएन्ना-बर्लिन, अडतीस युरो!!’ दोन उद्गारचिन्हं मला अजून आठवतात.

गाडी बदलायला मध्ये नऊ मिनिटं होती. आता हे वाचून युरोपात राहणारं कुणीही कपाळावर हात मारील. पण मला त्या नऊ मिनिटांत काहीच वावगं दिसलं नाही. सेंदाईला भुयारी रेल्वेतून उतरून मी सात मिनिटांत बुलेट ट्रेनच्या फलाटावर असते, आणि तेही मध्ये भाताचा ओनिगिरी विकत घेऊन. इथे गाडी एक मिनिट उशिरा आली तर गार्ड माफी मागतो. इतकी वर्षं या देशात राहून माझ्या डोक्यातलं घड्याळच तसं झालं होतं. नऊ मिनिटं म्हणजे मला चैन वाटली. दोन तिकिटं वेगवेगळी असल्यावर पहिली गाडी रखडली तर दुसरीची जबाबदारी कुणावरच राहत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते मनावर घेतलं नाही.

पण खरी गोष्ट ती नव्हे. नऊ मिनिटांची चूक मूर्खपणाची म्हणता येईल, आणि मूर्खपणाची लाज काही दिवसांत विरते. दुसऱ्या दिवशी मी तिकिटं छापून सेन्सेईंना द्यायला गेले. त्यांनी ती नीट वाचली. मग जरा संकोचून विचारलं, ‘थेट जाणारी गाडी नाही का? भाड्याचं काही नाही. हल्ली गुडघा दुखतो, म्हणून मध्ये बदलायला नसतं तर बरं झालं असतं.’

मी त्या क्षणी काय म्हणायला हवं होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. आहे सेन्सेई, मी घाईत दुसरं घेतलं, ते जाऊ द्या, थेट गाडीचं काढते. संपलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते अडतीस युरो वाया गेलेले दिसले, ग्रुपवरचा फोटो दिसला, आणि मी जाणकार आहे हे त्यांचं वाक्य दिसलं. मी म्हणाले, ‘थेट गाडी फुल आहे.’

अजिबात न अडखळता म्हणाले. वर ‘आधीच फुल झाली होती, मी पाहिलं’ असंही जोडलं.

त्यांनी मान हलवली, आभार मानले, आणि संध्याकाळपर्यंत तिकिटाचे पैसे पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवले. म्हणजे जे वाचवण्यासाठी मी खोटं बोलले, तेही माझे नव्हते.

खोटं झाकायला मग मी काम उत्तम केलं. मिनिटामिनिटाचा तक्ता तयार केला, इथे ऑफिसच्या प्रवासाला करतात तसा. किती वाजता कुठला फलाट, कुठला डबा, न्युरेम्बर्गला उतरल्यावर डावीकडचा जिना, बर्लिनला हॉटेल स्टेशनाच्या कुठल्या दारासमोर. फलाटांचे नकाशेसुद्धा जोडले. सेन्सेईंनी तो तक्ता पारदर्शक फाइलमध्ये घातला आणि सेक्रेटरी बाईंना दाखवून म्हणाले, ‘बघा, हरवायची सोयच ठेवली नाही.’ बाई माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. मीही हसले.

ते परत आले ते थेट परीक्षेच्या कामाला लागले. दोन-तीन दिवसांनी त्यांनी सगळ्यांसाठी आणलेला खाऊ चहाच्या टेबलावर ठेवला. इथे कुणीही कुठेही जाऊन आलं, की तिथली खासियत असलेला डबा आणतं, आणि कुठून आणलं ते डब्यावर लिहिलेलं असतंच. तीच तर त्यातली गंमत. चॉकलेटं व्हिएन्नाची होती. दुसरा डबा पत्र्याचा होता, त्यावर जुन्या गावाचं चित्र आणि आत मसाल्याची जाडसर बिस्किटं. ‘खरं तर नाताळातली आहेत, पण तिथे बारा महिने मिळतात,’ सेन्सेई म्हणाले. मी बिस्किट उचललं आणि डब्यावरचं गावाचं नाव वाचलं. न्युरेम्बर्ग.

नऊ मिनिटांत फलाट बदलणारा माणूस डबा विकत घेत नाही. घ्यायला दुकान उघडं हवं, आणि हातात वेळ हवा. ते बिस्किट मला गिळवेना. तोंडात धरून मी प्रयोग बघायला जाते असं सांगून बाहेर गेले आणि टॉयलेटमध्ये जाऊन थुंकून आले.

सेक्रेटरी बाईंना मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. त्यांना प्रवासाचे कागद जुळवायचे असतात. ‘बिचारे,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘पहिली गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली म्हणे. रात्र स्टेशनाजवळच्या हॉटेलात काढली. पहाटे एक गाडी होती, पण जुनं तिकीट चालेना, मशीन यांचं कार्ड घेईना, आणि तिकिटाशिवाय गाडीत चढायचं यांना पटेना. सातला खिडकी उघडेपर्यंत बाकावर बसून राहिले. म्हणाले, माझे पाय हळू चालतात, त्यामुळे चुकली.’

‘पाय हळू चालतात’ हे पुढे त्यांनी प्रयोगशाळेतही सांगितलं, सगळ्यांसमोर, आणि वर म्हणाले, ‘तक्ता अगदी अचूक होता.’ सगळे माझ्याकडे बघून हसले. मी खाली बघितलं. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. उलट मनातल्या मनात मी त्या उशिरा आलेल्या गाडीवर भडकले होते. गाडी वेळेवर येत नाही, त्यात माझा काय दोष? कार्ड चालत नाही, त्यात माझा काय दोष? पहाटेच्या गाडीत चढून आत तिकीट काढावं माणसानं, एवढं काय सोवळं? दोन दिवस मी अशी सगळ्या जगावर डाफरत होते.

मग तिसऱ्या दिवशी प्रिंटरमधून माझे आलेख घ्यायला गेले. सेन्सेईंना ई-मेल पडद्यावर वाचायला आवडत नाही, ते छापून घेतात. माझ्या कागदांवर त्यांचा एक कागद येऊन पडला होता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. पहिली ओळ इंग्रजीत होती आणि डोळ्यांनी ती वाचून टाकली. मग मी बाकीचंही वाचलं, तिथेच, प्रिंटरपाशी उभी राहून.

मित्राच्या बायकोचं पत्र होतं. तुम्ही एवढ्या लांबून आलात, त्याबद्दल आभार. तुम्ही आलात तेव्हा तो तुम्हाला ओळखू शकला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्या दिवशी तो सकाळी लवकर उठला होता. स्वतःहून टाय बांधला आणि आठपासून खिडकीत उभा होता. तुमचं नाव तीनदा घेतलं. तुम्हाला उशीर होणार असल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याला थांबून राहा म्हटलं. अकरा वाजता त्यानं मला विचारलं, मी टाय का घातला आहे? तुम्ही पाऊण तासानं आलात. तुम्ही त्याच्याशेजारी बसून ते जुनं गाणं म्हटलंत, ते त्यानं शांतपणे ऐकलं, यातच मी समाधान मानते.

मी तो कागद होता तसा पालथा ठेवला आणि माझे आलेख तिथेच विसरून बाहेर पडले. सायकल घेतली आणि नदीच्या काठानं घरी निघाले. वाटेत दोनदा उतरून चालावं लागलं. त्या दिवशी माझी मलाच किळस आली. उशिरा आलेल्या गाडीवर ढकलण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. थेट गाडीत जागा होती. ते मागत होते. मी नाही म्हणाले.

शनिवारी ग्योतोकुला गेले तेव्हा नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भांडी घासत होता. नळ बंद करून त्यानं ऐकून घेतलं.

‘अगं, मग जाऊन सांगून टाक ना,’ तो म्हणाला. ‘सॉरी म्हण. ते काही खाणार नाहीत तुला.’

‘काय सांगू? की मी खोटं बोलले?’

‘हो. तेच सांगायचंय ना?’

‘त्यांना त्रास होईल. आत्ता निदान त्यांना वाटतंय की दुसरा इलाजच नव्हता. थेट गाडी होती हे कळलं तर जास्त लागेल त्यांना.’

‘हे तू त्यांच्यासाठी बोलतेयस की तुझ्यासाठी?’

मी त्याच्यावर ओरडले. तुला लॅबमधलं काही कळत नाही, तुझ्या प्रोजेक्टमध्ये बग सापडला की तुम्ही दुसऱ्या टीमवर ढकलता, मला शिकवू नकोस, असं बरंच काही. त्यानं नळ पुन्हा सोडला. तो बरोबर बोलत होता म्हणूनच मी एवढी चिडले होते.

महिने गेले. सेन्सेई माझ्याशी पूर्वीसारखेच वागत होते, आणि तेच सहन होत नव्हतं. त्यांच्या खोलीत एकटीनं जायचं मी टाळू लागले. काम असलं तर कुणा विद्यार्थ्याला बरोबर न्यायची. ग्रुपवर कुणी पॅरिस-अॅमस्टरडॅमचं विचारलं, तर ‘स्वतः शोधा ना, एवढं काय अवघड आहे’ असं मी फटकन लिहिलं, आणि मंडळींनी माझी तब्येत बरी नसेल असा तर्क केला.

डिसेंबरात एकदाची हिंमत केली. इथे माफी मागायला जाताना रिकाम्या हातानं जात नाहीत. मोठ्या दुकानातून मिठाईचा चांगला खोका नेतात. मी शहरातल्या मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, ‘कोणत्या प्रसंगासाठी?’ मी जपानीत सांगितलं, ‘माफी मागायची आहे.’ तिनं क्षणभरही माझ्याकडे नवलानं पाहिलं नाही. रंगीत कागद बाजूला सारला, साधा काढला आणि गंभीर चेहऱ्यानं खोका बांधून दिला. एका अनोळखी मुलीपुढे ते एक वाक्य बोलले तर मला केवढं हलकं वाटलं. वाटलं, झालं, आता सेन्सेईंपुढे तेवढंच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी खोका घेऊन त्यांच्या खोलीत गेले, वाकले, खोका पुढे केला. तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, ‘अरे वा, वर्षअखेरीची भेट! यंदा तुम्ही जपानी रीतसुद्धा उचललीत.’ डिसेंबरात वडीलधाऱ्यांना भेट द्यायची इथे पद्धत आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा खुलला होता. मी म्हणाले, ‘वर्षभर आपण जे केलंत त्याबद्दल आभार.’ आणि आणखी एकदा वाकून बाहेर आले.

दुपारच्या चहाला सेक्रेटरी बाईंनी ती मिठाई सगळ्यांना वाटली. माझ्या वाट्यालाही एक वडी आली. माफीच्या खोक्यातून मी स्वतःला आणखी एक शाबासकी आणून घेतली होती. याहून खाली माणूस जाऊ शकतो का, हे मला खरंच माहीत नाही.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात माझंही भाषण झालं. त्यात मी त्यांच्याकडून प्रामाणिकपणा शिकले असं म्हटलं. लिहून आणलेलं होतं, म्हणून वाचून टाकलं.

त्यानंतरच्या आठवड्यात ते खोली रिकामी करत होते. आम्ही आळीपाळीनं मदतीला जात होतो. त्या दिवशी बरोबर येणारी विद्यार्थिनी आजारी पडली आणि मी एकटीच गेले. कपाटं उघडी होती. जमिनीवर जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे मांडलेले. इथे कागदाचा कचरा नेतात त्या दिवशी असे गठ्ठे आडव्या-उभ्या सुतळीनं बांधूनच बाहेर ठेवावे लागतात, आणि सेन्सेई जमिनीवर मांडी घालून एकेक बांधत होते. मी समोर बसले. दोन-तीन गठ्ठे बांधून झाले. मग मी म्हणाले, कशाचीही प्रस्तावना न करता, ‘सेन्सेई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. व्हिएन्नाहून बर्लिनला थेट गाडी होती. तिच्यात जागा होत्या.’

त्यांचे हात थांबले नाहीत. त्यांनी सुतळी गठ्ठ्याखालून ओढून घेतली आणि म्हणाले, ‘हो. माहीत आहे.’

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

‘मी स्टेशनावर लवकर पोचलो होतो,’ ते म्हणाले. ‘ती गाडी समोरच्याच फलाटावर उभी होती. पाटीवर बर्लिन लिहिलेलं. मी जवळ जाऊन पाहिलं. निम्मे डबे रिकामे होते. सुटेपर्यंत मी तिथेच उभा होतो.’

‘मग तुम्ही तिच्यात का नाही बसलात?’ माझा आवाज मलाच कर्कश वाटला.

‘तुम्ही फुल आहे म्हणाला होतात. मला वाटलं, माझंच काहीतरी समजायचं राहिलं असेल. कदाचित ती दुसरीकडून जात असेल. कदाचित त्या जागा पुढे कुणी चढणाऱ्यांच्या असतील.’ त्यांनी गाठ मारली आणि ओढून पाहिली. ‘तुम्ही एवढा तक्ता केला होतात. तो बाजूला ठेवून स्वतःच्या मनानं दुसऱ्या गाडीत बसायचं, हे मला बरं वाटेना.’

मला रडू आलं. इथे कुणी असं दुसऱ्यासमोर रडत नाही, पण मला ते आवरलं नाही. मी जमिनीला कपाळ टेकवलं, बहुधा त्यांच्या रीतीनं, की आपल्या, कोण जाणे. ते घाईघाईनं ‘उठा, उठा’ म्हणाले. त्यांनी एका खोक्यातून टिश्यूचं पाकीट शोधून माझ्यापुढे ठेवलं आणि मी डोळे पुसेपर्यंत ते खिडकीकडे बघत बसले. मला वाटलं, आता संपलं. आता ते म्हणतील की होतं असं, विसरून जा.

ते तसं म्हणाले नाहीत. माझ्याकडे वळले आणि वर्गात विचारायचे त्याच शांत आवाजात म्हणाले, ‘परत आल्यावर मी बराच विचार केला. तुम्ही असं विनाकारण करणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला कारण सापडलं नाही. काय कारण होतं?’

ते खरोखर थांबले होते. सात महिने हा माणूस माझ्यासाठी एखादं बरंसं कारण शोधत होता, आणि ते आता माझ्याकडून मिळेल अशा अपेक्षेनं बघत होता. मी ग्रुपवरच्या फोटोचं सांगितलं. घाईत काढलेल्या तिकिटाचं सांगितलं, ते परत होत नव्हतं हे सांगितलं. ‘ते वाया गेले असते, म्हणून,’ मी म्हणाले. ‘अडतीस युरो.’

त्यांनी मान हलवली. मग थोडं पुढे वाकून, जणू आणखी काही असेल आणि मी सांगायला संकोचत असेन, तसं त्यांनी विचारलं, ‘एवढंच?’

‘हो, सेन्सेई,’ मी म्हणाले. ‘एवढंच.’